तक्रार खरी, उत्तर खोटं: ऑस्ट्रियाच्या यॉर्ग हायडर यांची कारकीर्द

ऑस्ट्रियात एकेकाळी रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला कुणाला बोलवायचं, हेसुद्धा पक्षावरून ठरायचं. मोटारवाल्यांच्या दोन संघटना होत्या. एक ‘लालां’ची, म्हणजे समाजवाद्यांची. दुसरी मध्यमवर्गीयांची, ‘काळ्यां’कडे झुकलेली. काळे म्हणजे कॅथलिक परंपरेतले पुराणमतवादी, आजची पीपल्स पार्टी. डोंगर चढणाऱ्यांचे क्लब वेगळे, पेन्शनरांच्या संघटना वेगळ्या. मुख्याध्यापक व्हायचं असेल, सरकारी पोलाद कारखान्यात चिकटायचं असेल किंवा व्हिएन्नात महापालिकेचं स्वस्त घर हवं असेल, तर खिशात योग्य पक्षाचं सदस्यत्वाचं पुस्तक असलेलं बरं. ७५ लाख वस्तीच्या या देशात ऐन भरात एकट्या समाजवाद्यांचे सात लाखांवर सदस्य होते. एवढे सगळे काही मार्क्स वाचून पक्षात आले नव्हते.

या व्यवस्थेला तिथे ‘प्रोपोर्त्स’ म्हणतात, म्हणजे प्रमाणशीर वाटणी. एक पद लालांना, एक काळ्यांना. वर लाल असेल तर त्याचा उपप्रमुख काळा. यॉर्ग हायडर हा फ्रीडम पार्टीचा नेता समजून घ्यायचा असेल तर आधी ही वाटणी समजून घ्यावी लागते. त्यांच्याबद्दलचे बहुतेक लेख हिटलरपासून सुरू होतात आणि हिटलरपाशीच संपतात. तो धागा खरा आहे आणि तो मी पुढे घेणारच आहे. पण साध्या ऑस्ट्रियन कामगाराने त्यांना मत का दिलं, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

ही वाटणी आली कुठून? १९३४ च्या फेब्रुवारीत लाल आणि काळे एकमेकांवर बंदुका घेऊन उठले होते. व्हिएन्नातल्या कामगार वसाहतींवर सरकारने तोफा डागल्या. चार वर्षांनी हिटलरने देशच गिळला आणि दोन्हीकडचे नेते छळछावण्यांत गेले. युद्धानंतर परत आलेल्यांनी ठरवलं की आता भांडायचं नाही, वाटून घ्यायचं. १९४५ ते १९६६ दोघांनी मिळून राज्य केलं. उद्ध्वस्त झालेला देश श्रीमंत झाला, संप जवळजवळ नाहीसे झाले. वाटणीने शांतता आणली हे मान्य करायलाच हवं. पण दोन पिढ्यांनंतर शांतता गृहीत धरली गेली आणि वाटणी तेवढी डोळ्यांत खुपू लागली.

लाल आणि काळे सोडून तिथे एक तिसरा गट पूर्वीपासून होता: जर्मन राष्ट्रवाद्यांचा. आपण ऑस्ट्रियन नाही, जर्मनच आहोत, असं मानणारा. यातले कितीतरी लोक पुढे नाझी झाले. मित्रराष्ट्रांनी १९४३ मध्ये ऑस्ट्रियाला ‘हिटलरचा पहिला बळी’ म्हटलं होतं, ते युद्धानंतर देशाने सोयीस्करपणे उराशी धरलं. प्रत्यक्षात नाझी पक्षाचे सात लाखांच्या आसपास सदस्य एकट्या ऑस्ट्रियातले होते. १९४९ मध्ये त्यांच्यातल्या सुमारे पाच लाख कमी दोषी ठरलेल्यांना मताधिकार परत मिळाला आणि त्यांच्यासाठी एक नवा पक्ष उभा राहिला. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्यातूनच फ्रीडम पार्टी जन्मली. तिचे पहिले अध्यक्ष आन्टोन राइनथालर हे एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातले माजी वरिष्ठ अधिकारी. दुसरे फ्रीडरिश पेटर, तेही वाफेन एसएसचे, म्हणजे त्याच दलाच्या लढाऊ शाखेतले. पाच-सहा टक्के मतांचा हा पक्ष कुणाच्या हिशेबात नसे.

अशा घरात आणि अशा पक्षात हायडर वाढले. जन्म २६ जानेवारी १९५०, बाड गॉइसर्न या डोंगराळ गावात. हे गाव खिळे ठोकलेल्या जाड डोंगरी बुटांसाठी ओळखलं जातं, आणि वडील रॉबर्ट चांभारकामच करायचे. ऑस्ट्रियात नाझी पक्षावर बंदी होती त्या काळातही ते त्या चळवळीत होते. आई डोरोथेया शिक्षिका, नाझींच्या मुलींच्या संघटनेत काम केलेली. युद्धानंतर दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली. आईला काही काळ शिकवायला बंदी झाली. मुलाने घरात जी गोष्ट ऐकली ती अशी: आमच्यावर अन्याय झाला. छावण्यांत मेलेल्यांची गोष्ट त्या मानाने लांबची होती. मला वाटतं, पुढे आयुष्यभर ज्या वाक्यांनी त्यांनी देश हादरवला, ती जेवणाच्या टेबलावरून आली होती.

पोरगा मात्र कमालीचा हुशार. व्हिएन्ना विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट, तिथेच घटनाविषयक कायद्याच्या विभागात सहायक. १९७६ मध्ये पक्षाने त्यांना कॅरिन्थिया या दक्षिणेकडच्या राज्यात सचिव म्हणून पाठवलं आणि १९७९ मध्ये, २९ व्या वर्षी, ते देशाच्या संसदेत गेले. त्या सभागृहातले ते सर्वांत तरुण खासदार. नंतर एका नातेवाइकाकडून त्यांना कॅरिन्थियातच बेरेनताल नावाची प्रचंड जंगल-इस्टेट मिळाली. ती मूळची एका ज्यू कुटुंबाची, नाझी काळात दडपणाखाली विकली गेलेली. ‘लहान माणसाचा’ कैवारी म्हणवणारे हायडर स्वतः मोठे जमीनमालक होते, आणि त्या जमिनीला हा इतिहास होता.

त्या वेळी पक्षाची सूत्रं नॉर्बर्ट श्टेगर यांच्याकडे होती. ते उदारमतवादी. १९८३ मध्ये त्यांनी पक्षाला समाजवाद्यांबरोबर सरकारात नेऊन बसवलं, पण कार्यकर्ते खूश नव्हते. १३ सप्टेंबर १९८६ ला इन्सब्रुकच्या अधिवेशनात हायडर उभे राहिले आणि श्टेगरना हरवून अध्यक्ष झाले. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून मिरवलं. चान्सलर, म्हणजे तिथले पंतप्रधान, फ्रान्त्स फ्रानित्स्की यांनी लगेच आघाडी मोडली: या माणसाबरोबर सरकार चालवणार नाही. मध्यावधी निवडणूक झाली आणि पाच टक्क्यांचा पक्ष ९.७ टक्क्यांवर गेला. मग १९९० मध्ये १६.६, १९९४ मध्ये २२.५, १९९९ मध्ये २६.९. लोकशाही स्थिरावलेल्या देशात एक पक्ष १३ वर्षांत पाचपटीहून जास्त वाढतो, हे क्वचित घडतं.

का वाढला? काळ बघा. १९८५ मध्ये लिंट्सची सरकारी पोलाद कंपनी तेलाच्या सट्ट्यात हात पोळून गाळात गेली होती. १९८६ मध्ये कुर्ट वाल्डहाइम राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी युद्धात हिटलरच्या सैन्यात बाल्कनमध्ये केलेली नोकरी लपवली होती हे जगाला कळलं. १९८७ मध्ये लाल-काळे पुन्हा एकत्र सत्तेत बसले. म्हणजे नाराज माणसाला जायला उरलं एकच दार, आणि त्या दारात हायडर उभे होते.

ते तिथे उभे कसे राहायचे, हेही बघण्यासारखं आहे. १९९४ च्या निवडणुकीतली टीव्हीवरची चर्चा. समोर चान्सलर फ्रानित्स्की, उंच, बँकेतून आलेले, गडद सुटात. बोलता बोलता हायडर यांनी एक छोटी पाटी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्यावर एका कामगार चेंबरच्या समाजवादी पदाधिकाऱ्याची कमाई, पगारावर पगार, आकड्यांत लिहिलेली. चेंबर म्हणजे कायद्याने स्थापलेली कामगारांची प्रतिनिधी संस्था; ऑस्ट्रियात जवळजवळ प्रत्येक नोकरदाराला तिचं सभासद व्हावंच लागतं, वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते. म्हणजे टीव्ही बघणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या खिशातले पैसे त्या पाटीवर लिहिलेले होते. फ्रानित्स्कींकडे काही उत्तर नव्हतं, कारण आकडे खरे होते.

म्हणूनच मी म्हणतो की तक्रार खरी होती. वशिला खरा होता, पदांची खिरापत खरी होती, आणि ती इतक्या जोरात दुसरं कुणी सांगत नव्हतं. पण या खऱ्या तक्रारीला हायडर यांनी जे शेपूट जोडलं ते असं: तुझी नोकरी, तुझं घर, तुझ्या मुलाच्या शाळेतली जागा वरच्या लोकांनी लुबाडली, आणि उरलेली परदेशी माणसाने. पदाधिकारी जास्त पगार घेतो यात बांधकामावर विटा उचलणाऱ्या युगोस्लाव्ह किंवा तुर्की मजुराचा काय दोष? काहीच नाही. पण दोन्ही गोष्टी एका दमात, एका आवाजात सांगितल्या की ऐकणाऱ्याला त्या एकच वाटायला लागतात.

त्याच निवडणुकीतलं त्यांचं एक पोस्टर होतं. अर्थ असा: ‘ते त्याच्या विरोधात आहेत, कारण तो तुमच्या बाजूचा आहे.’ या एका ओळीत त्यांची सगळी युक्ती आहे. वर्तमानपत्राने टीका केली, तो पुरावा. कोर्टाने फटकारलं, तो पुरावा. शेजारच्या देशाने निषेध केला, तो तर मोठाच पुरावा. टीका जितकी वाढेल तितका नेता खरा ठरतो. या सापळ्यातून बाहेर कसं पडायचं, हे ऑस्ट्रियातल्या विरोधकांना वर्षानुवर्षं उमगलं नाही. प्रत्येक भाषणानंतर त्यांना ‘नवा हिटलर’ म्हणणाऱ्यांनी त्यांचं काम सोपंच केलं, असं माझं मत आहे.

याचा अर्थ त्यांची वाक्यं निरुपद्रवी होती असा अजिबात नाही. १९८९ मध्ये कॅरिन्थियात २९ टक्के मतं मिळवून काळ्यांच्या पाठिंब्याने ते राज्याचे प्रमुख झाले. १३ जून १९९१ ला राज्याच्या विधिमंडळात बेरोजगारांवर चर्चा सुरू होती. काम नाकारणाऱ्यांचा भत्ता कापावा, असं हायडर म्हणत होते. समोरून समाजवादी बाकांवरून कुणीतरी ओरडलं की ही तर नाझी राजवटीतली सक्तीची मजुरी. हायडर उत्तरले की असं थर्ड राइखमध्ये, म्हणजे हिटलरच्या राजवटीत, नव्हतं, तिथे व्यवस्थित रोजगार धोरण राबवलं गेलं, जे व्हिएन्नातल्या तुमच्या सरकारला जमत नाही. आठ दिवसांत त्यांना पदावरून हटवलं गेलं.

ते ‘व्यवस्थित रोजगार धोरण’ म्हणजे काय होतं? युद्धाची शस्त्रनिर्मिती, ज्यूंना नोकऱ्यांवरून हाकलून रिकाम्या केलेल्या जागा, आणि पुढे परक्या देशांतून धरून आणलेले लाखो वेठबिगार. कॅरिन्थियातच लोइबल खिंडीतला बोगदा माउथहाउझेन या नाझी छळछावणीच्या कैद्यांकडून खोदून घेतला होता. विधिमंडळाच्या इमारतीपासून ती जागा फार लांब नाही. घटनेचा कायदा शिकलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मला मानता येत नाही.

त्यानंतर महिना उलटायच्या आत, ८ जुलै १९९१ ला, फ्रानित्स्की यांनी संसदेत एक भाषण केलं. ऑस्ट्रियन लोक नुसते बळी नव्हते, अनेकजण गुन्ह्यांत सहभागीही होते, असं देशाच्या चान्सलरने पहिल्यांदा स्पष्ट मान्य केलं. हायडर बोलत राहिले म्हणून देशाला आपल्या भूतकाळाबद्दल बोलावं लागलं, हे त्यांच्या कारकिर्दीचं न ठरवता झालेलं एक फळ. ते स्वतः मात्र बदलले नाहीत. १९९५ मध्ये क्रुम्पेनडोर्फ गावात वाफेन एसएसचे माजी सैनिक जमले होते. त्यांच्यासमोर हायडर म्हणाले की कितीही वारा उलटा वाहिला तरी आपल्या निष्ठांना चिकटून राहणारी सभ्य माणसं जगात अजून आहेत. त्याची चित्रफीत नंतर बाहेर आली.

आता त्यांच्या विचारांकडे. ते लेखकही होते. १९९३ मध्ये त्यांचं ‘मला अभिप्रेत असलेलं स्वातंत्र्य’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं, १९९७ मध्ये आणखी एक. पहिल्या पुस्तकातला गाभा म्हणजे ‘तिसरं प्रजासत्ताक’. चेंबर, संघटना, पक्ष यांची मधली सगळी चळत मोडायची, वर एक ताकदवान निवडून आलेला प्रमुख, खाली जनता, आणि मध्ये जनमत कौल. वाचायला हे मोकळं, लोकशाहीवादी वाटतं. पण मधले थर निघाले की वरच्या माणसाला अडवणारं कुणी उरत नाही, आणि ही गोष्ट पुस्तक सांगत नाही.

या विचारांमागे आन्द्रेयास मोल्त्सर यांच्यासारखी माणसं होती. मोल्त्सर पत्रकार-लेखक, पक्षाच्या जर्मन राष्ट्रवादी धारेतले. परदेशी लोक येऊन ऑस्ट्रियाच्या ‘लोकांचीच अदलाबदल’ होईल असा इशारा त्यांनी १९९२ मध्ये दिला, तोही नाझींच्या वस्ती-योजनेतला शब्द वापरून. पुढे ते दहा वर्षं युरोपीय संसदेत होते. २०१४ मध्ये युरोपीय संघाबद्दल बोलताना कृष्णवर्णीयांसाठीची शिवी वापरल्यामुळे त्यांना उमेदवारी सोडावी लागली.

हायडर स्वतः मात्र एका विचाराला बांधलेले नव्हते. १९८८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियन राष्ट्र ही ‘वैचारिक विकृत अपत्यासारखी’ गोष्ट आहे असं टीव्हीवर म्हटलं होतं. पाच वर्षांनी त्यांनी परदेशी लोकांविरुद्ध जी सह्यांची मोहीम काढली तिचं नाव होतं ‘ऑस्ट्रिया प्रथम’. युरोपीय संघात सामील व्हायला आधी अनुकूल, १९९४ च्या सार्वमतात विरोधात. सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला, पण उरलेला एक तृतीयांश आपला, हे गणित त्यांनी ओळखलं होतं.

सह्यांच्या मोहिमेला चार लाख सोळा हजारांवर सह्या मिळाल्या, त्यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी. आणि त्याआधी, २३ जानेवारी १९९३ च्या संध्याकाळी, व्हिएन्नाच्या हेल्डनप्लात्सवर अडीच-तीन लाख माणसं हातात मेणबत्त्या, मशाली घेऊन उभी राहिली. ‘दिव्यांचा समुद्र’ म्हणून ती रात्र आजही आठवली जाते. १९३८ मध्ये याच चौकात हिटलरचं भाषण ऐकायला प्रचंड गर्दी लोटली होती. पुढच्या महिन्यात पक्षातल्या हाइडे श्मिट आणि आणखी चार खासदार बाहेर पडले आणि त्यांनी उदारमतवादी पक्ष काढला. फ्रीडम पार्टीत उदारमतवादी असं फारसं काही उरलं नाही.

१९९९ उजाडलं. मार्चमध्ये हायडर ४२ टक्के मतांनी कॅरिन्थियात पुन्हा सत्तेवर आले. ऑक्टोबरमध्ये देशाच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष काळ्यांपेक्षा ४१५ मतांनी पुढे गेला; जागा दोघांच्या ५२-५२. कामगारांमध्ये तर तो लालांनाही मागे टाकून पहिला होता. काळ्यांचे वोल्फगांग शुसेल यांनी तिसरे आलो तर विरोधात बसू असं सांगितलं होतं. ते तिसरे आले, महिनोन्‌महिने बोलणी झाली आणि शेवटी ते हायडर यांच्या पाठिंब्याने चान्सलर झाले.

४ फेब्रुवारी २००० चा दिवस. चान्सलरच्या कार्यालयातून समोरच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात जायला फक्त एक चौक ओलांडावा लागतो. त्या चौकात निदर्शक गच्च भरले होते. म्हणून नवे मंत्री जमिनीखालच्या भुयारी वाटेने शपथ घ्यायला गेले. राष्ट्राध्यक्ष थोमास क्लेस्टिल यांनी दगडासारख्या चेहऱ्याने शपथ दिली. त्याआधी त्यांनी दोन मंत्र्यांची नावं नाकारली होती आणि लोकशाही व मानवी हक्कांशी बांधिलकी सांगणाऱ्या निवेदनावर शुसेल आणि हायडर या दोघांच्या सह्या घेतल्या होत्या.

युरोपीय संघातल्या इतर १४ देशांनी लगेच निर्बंध लावले. त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ते आर्थिक निर्बंध नव्हते आणि युरोपीय संघाचेही नव्हते. संघाच्या कायद्यात तशी सोयच नव्हती. १४ सरकारांनी आपापल्या पातळीवर ठरवलं की ऑस्ट्रियाशी राजकीय भेटीगाठी नाहीत, आंतरराष्ट्रीय पदांसाठी त्यांच्या उमेदवाराला पाठिंबा नाही, राजदूताशी फक्त तांत्रिक कामापुरतं बोलायचं. इस्रायलने राजदूत परत बोलावला. परिणाम उलटा झाला. हायडर यांना मत न दिलेले लोकही ‘आमच्या देशाला शिकवणारे हे कोण’ म्हणून चिडले. शेवटी तीन जाणत्या माणसांची समिती नेमली गेली. सरकारचं वर्तन युरोपीय मूल्यांना धरून आहे, पण फ्रीडम पार्टी हा टोकाचे सूर असलेला उजवा लोकानुनयी पक्ष आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला आणि सप्टेंबरमध्ये निर्बंध उठले. निर्बंधांचं एक फळ टिकलं: पुढच्या नीस करारात, एखादा सदस्यदेश मूल्यं मोडण्याच्या वाटेवर असेल तर त्याला आधीच इशारा देण्याची तरतूद झाली.

हायडर स्वतः मंत्री झाले नाहीत. पक्षाचं अध्यक्षपदही त्यांनी सुसाने रीस-पासर यांच्याकडे दिलं आणि ते क्लागेनफुर्टला, आपल्या राज्यात बसले. तिथून आपल्याच मंत्र्यांवर शेरे मारायचे. विरोधात असताना सगळ्यांना सगळं देऊ म्हणणं सोपं असतं. सरकारात गेल्यावर त्यांच्याच पक्षाचे मंत्री खर्च कापू लागले आणि त्याची झळ बसली ती त्यांनाच मत देणाऱ्या कामगारांना. ऑगस्ट २००२ मध्ये मोठा पूर आला, सरकारने करकपात पुढे ढकलली. ७ सप्टेंबरला क्निटेलफेल्ड इथे नाराज कार्यकर्ते जमले. तडजोडीचा कागद तिथे व्यासपीठावर फाडला गेला. दुसऱ्या दिवशी रीस-पासर आणि अर्थमंत्र्यांनी राजीनामे दिले, सरकार पडलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्ष २६.९ वरून १० टक्क्यांवर कोसळला. त्याच वर्षी हायडर बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटूनही आले होते. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच वाढवलेला पक्ष फोडून नवा काढला. जुना पक्ष हाइन्त्स-क्रिस्टियान श्त्राखे यांच्या हाती गेला.

कॅरिन्थियात मात्र त्यांचं राज्य अबाधित होतं, आणि तिथे ते काय करत होते हे पाहिल्याशिवाय त्यांची गोष्ट कळत नाही. गोष्ट पाट्यांची आहे.

कॅरिन्थियाच्या दक्षिणेत स्लोव्हेन भाषा बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९२० च्या सार्वमतात या भागाने ऑस्ट्रियात राहायचं ठरवलं, आणि त्यासाठी मत देणाऱ्यांत स्लोव्हेन भाषकही पुष्कळ होते. १९५५ च्या ज्या कराराने ऑस्ट्रिया स्वतंत्र झाला त्याच्या सातव्या कलमात त्यांना दोन भाषांतल्या पाट्यांचं वचन आहे. १९७२ मध्ये अशा पाट्या लागल्या, तेव्हा जमावांनी त्या रातोरात उखडून टाकल्या. मग कायदा झाला: स्लोव्हेन भाषक एक चतुर्थांश असतील तिथेच पाटी. पाटीवर आपल्या गावाचं नाव आपल्या भाषेत असणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

ऑस्ट्रियात गावाच्या नावाची पाटी म्हणजेच वेगमर्यादेची खूण असते. पाटी ओलांडली की गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आत. एका स्लोव्हेन भाषक वकिलाने अशा एका गावातून मुद्दाम जोरात गाडी नेली, दंड ओढवून घेतला आणि कोर्टात गेला: पाटी एकाच भाषेत आहे, म्हणून ती बेकायदा, म्हणून वेगमर्यादाही लागू नाही. डिसेंबर २००१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यांचं मूळ म्हणणं मान्य केलं. एक चतुर्थांशाची अट फार कडक आहे, दहा टक्के लोक असले तरी पाटी हवी. हायडर यांनी निकाल पाळायला नकार दिला. न्यायालयाचे अध्यक्ष होते लुडविग आडामोविच. आडामोविच असं नाव असलेल्या माणसाकडे इथे राहायचा वैध परवाना तरी आहे का, असं हायडर जाहीर सभेत म्हणाले. देशाच्या सर्वोच्च घटनापीठाचा प्रमुख, आणि प्रश्न त्याच्या आडनावाचा. त्याआधी व्हिएन्नातल्या ज्यू समाजाचे अध्यक्ष आरियल मुझिकांट यांच्या नावावर, कपडे धुण्याच्या पावडरीचा धागा जोडून, असाच हीन विनोद त्यांनी केला होता.

न्यायालय एकेका गावाची पाटी रद्द करत गेलं. फेब्रुवारी २००६ मध्ये ब्लायबुर्गची पाळी आली. स्लोव्हेनमध्ये त्याचं नाव प्लिबेर्क. तेव्हा राज्याचे प्रमुख हायडर आणि त्यांचे रस्ते खात्याचे मंत्री गेर्हार्ड ड्योर्फ्लर स्वतः तिथे गेले, कॅमेऱ्यांसमोर एकभाषी पाटी उचलली आणि काही मीटर पलीकडे रोवली. पाटीची जागा बदलली म्हणजे आदेश नवा, म्हणजे जुना निकाल लागू नाही, असा युक्तिवाद. पुढे त्यांनी जर्मन नावाखाली स्लोव्हेन नावाची लहानशी पट्टी स्क्रूने बसवली. एका भाषेचं नाव मोठं, दुसरीचं पट्टीएवढं. त्या फोटोत ते हसताना दिसतात. मला तो फोटो बघवत नाही.

दुसरीकडे पैसा पाण्यासारखा वाहत होता. मुलांसाठी भत्ता, महागाईसाठी मदत. २००८ मध्ये लोक सरकारी कार्यालयाबाहेर रांगा लावून रोख नोटा घेत होते आणि कधी कधी खुद्द हायडर हातात देत होते. घेणाऱ्याला वाटायचं, हे यॉर्गने दिलं. लाल-काळ्यांच्या ज्या खिरापतीविरुद्ध त्यांनी सगळी कारकीर्द उभी केली, तीच आता एका माणसाच्या नावाने वाटली जात होती.

पैसा येत कुठून होता? त्याचं एक मोठं उत्तर हिपो आल्पे आद्रिया ही बँक. राज्याच्या मालकीची एक छोटी गृहकर्ज बँक युगोस्लाव्हिया फुटल्यावर क्रोएशिया, सर्बिया, बॉस्नियात धंदा करू लागली. तिला जगाच्या बाजारात स्वस्त कर्ज मिळायचं, कारण राज्य तिला जामीन होतं. त्या हमीचं शुल्क बँक राज्याला द्यायची, म्हणजे हमी जितकी मोठी तितका तिजोरीला आनंद. युरोपीय आयोगाने अशा हम्या बंद करायला लावल्या आणि त्यासाठी २००७ च्या एप्रिलपर्यंत मुदत दिली. मुदत संपण्याआधी बँकेने भरभरून कर्ज उचललं. हम्यांचा आकडा सुमारे २,५०० कोटी युरोंपर्यंत गेला. साडेपाच लाख वस्तीच्या या राज्याचं वर्षाचं बजेट होतं २०० कोटी युरोंच्या आसपास. पुतण्याच्या कर्जाला आपल्या वर्षाच्या कमाईच्या बारापट रकमेचा जामीन राहिलेला काका डोळ्यांसमोर आणा. २००७ मध्ये बँकेचा मोठा हिस्सा बव्हेरियाच्या बँकेला विकला तेव्हा ‘कॅरिन्थिया श्रीमंत झाला’ असं हायडर यांनी सांगितलं.

हिशेब चुकता होताना बघायला ते नव्हते. २८ सप्टेंबर २००८ च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाने १०.७ टक्के मतं घेतली, सगळे म्हणत होते ते परत आले. ११ ऑक्टोबरच्या पहाटे क्लागेनफुर्टजवळ लांबिखल इथे त्यांची गाडी उलटली. ७० च्या हद्दीत वेग १४२ होता, रक्तात दारूचं प्रमाण १.८ प्रति हजार, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या तिपटीहून जास्त. ते बेरेनतालला निघाले होते, आईचा नव्वदावा वाढदिवस होता. वय ५८. अंत्ययात्रेला क्लागेनफुर्टमध्ये हजारो लोक आले, कित्येक ढसाढसा रडले. ते अश्रू खोटे नव्हते. गाव न्‌ गाव फिरलेला, नावानिशी हाक मारणारा, लग्नकार्यांना येणारा नेता त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. पुढच्या मार्चमध्ये राज्यात त्यांच्या पक्षाला ४४.९ टक्के मतं पडली.

डिसेंबर २००९ मध्ये बँक बुडायला आली आणि ऑस्ट्रियाच्या केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली, नाहीतर जामीन राहिलेलं राज्य दिवाळखोरीत गेलं असतं. देशाच्या करदात्यांना त्यात काही अब्ज युरो घालावे लागले. विक्रीच्या सल्ल्यासाठी एका सल्लागाराला दिलेल्या भरमसाट फीचा खटला चालला, त्यातला काही पैसा पक्षांसाठी होता हे कोर्टात कबूल झालं, आणि आघाडीतला पीपल्स पार्टीचा राज्यप्रमुख तुरुंगात गेला. २०१३ मध्ये कॅरिन्थियातल्या मतदारांनी हायडर यांच्या वारसदारांना १७ टक्क्यांच्या आत आणून सोडलं.

त्यांची पद्धत मात्र संपली नाही. हायडर यांची भाषणं लिहिणारा, तो आरियलचा विनोद रचणारा तरुण होता हेर्बर्ट किकल, कॅरिन्थियाचाच. सप्टेंबर २०२४ मध्ये किकल यांच्या नेतृत्वाखाली फ्रीडम पार्टी २८.८ टक्के मतं घेऊन देशात पहिली आली, हायडर यांना कधी जमलं नव्हतं ते. चान्सलर होण्याची बोलणी २०२५ च्या फेब्रुवारीत फिसकटली आणि तीन पक्षांचं सरकार आलं. त्यात लालही आहेत आणि काळेही.

ब्लायबुर्गच्या पाटीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. हायडर यांच्या मृत्यूनंतर राज्याचे प्रमुख झाले तेच ड्योर्फ्लर, ज्यांनी त्यांच्याबरोबर पाटी उचलली होती. २०११ च्या एप्रिलमध्ये त्यांनी, केंद्र सरकारने आणि स्लोव्हेन संघटनांनी एकत्र बसून यादी ठरवली. १६४ गावं. करारानंतर ५६ वर्षांनी संसदेने तो कायदा केला आणि त्याच उन्हाळ्यात नव्या पाट्या लागू लागल्या. ब्लायबुर्गच्या वेशीवर आता पाटीवर दोन नावं आहेत, एकाखाली एक, दोन्हींची अक्षरं सारख्याच मापाची.